पिकअपचे ब्रेक आणि माळशेजचा उतार

परभणी

चि. बापू,

पुढच्या चाकांच्या डिस्क झिजल्या, पॅड संपले आणि दुकानदाराने तुझ्यापुढे तीन पर्याय ठेवले: कंपनीचा ओरिजिनल माल, दुसऱ्या मेकचा माल, आणि मोबाइलवर दाखवलेली भोकं पाडलेली चकाकती डिस्क. यातलं काय घ्यावं, हे फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. एसटीच्या कार्यशाळेत माझी सगळी नोकरी ब्रेकच्या कामात गेली. तू माझ्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा आहेस. तेव्हा पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आधी तुझी गाडी काम काय करते ते बघ. मानवतला भाजी भरायची, पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर करत आळेफाटा गाठायचा आणि रात्रीतून माळशेज उतरून कल्याणच्या बाजार समितीत पोचायचं. परभणीवरून जाणारा ६१ नंबरचा महामार्गच पुढे त्या घाटात उतरतो. आपला मुलूख गोदावरी, दुधना, पूर्णेच्या काठचा, सपाट. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर ब्रेकचा कस लागेल असा रस्ता इथे नाहीच. म्हणून वसमत रोडला एक चक्कर मारून ‘ब्रेक कडक लागले’ म्हणण्याला काही अर्थ नाही. त्यातही तू घाट उतरतोस तेव्हा गाडी भरलेली असते आणि चढतोस तेव्हा रिकामी. म्हणजे सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात मोठा उतार तुझ्या वाट्याला दर खेपेला एकत्रच येतात.

एक हिशेब सांगतो, तो पाठ करून ठेव. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असलेली गाडी पूर्ण थांबवायला ब्रेकला जेवढी उष्णता पचवावी लागते, तेवढीच उष्णता गाडी सुमारे १४ मीटर खाली उतरताना तयार होते. गाडी एक टनाची असो की तीन टनांची, हा १४ चा आकडा बदलत नाही. आता घाटात तू ५०० मीटर खाली आलास असं धर. इंजिनाने आणि हवेने मदत केली नाही, तर ते ६० च्या वेगावरून पस्तीस वेळा गाडी उभी करण्याइतकं झालं, आणि तेही मध्ये थंड व्हायला फुरसत न देता. ही सगळी उष्णता आधी डिस्कच्या लोखंडात जाते आणि मग हवेत सुटते. डिस्क आणि पॅड निवडायचे ते या एका गोष्टीवरून.

म्हणून भोकं पाडलेली डिस्क नको म्हणजे नको. दिसायला ती शर्यतीच्या गाडीसारखी दिसते, पण प्रत्येक भोकाबरोबर लोखंड कमी होतं आणि भार ओढणाऱ्या गाडीत तापणं-निवणं सुरू झालं की तडे त्या भोकांच्या कडेपासूनच जातात. खाचा मारलेल्या डिस्कमध्येही तुझ्या कामाचं काही नाही. पॅड मात्र लवकर खरवडले जातात. साधी, बिडाची, मध्ये हवा खेळायला पोकळ्या असलेली, तुझ्या मॉडेलच्या मापाची डिस्क घे. एकाच मापाच्या दोन मेकच्या डिस्क समोर असतील तर शेजारच्या आडतीतल्या काट्यावर दोन्ही तोलून बघ. दुकानदार हसला तर हसू दे. हलकी डिस्क म्हणजे कमी लोखंड, आणि कमी लोखंड त्याच उतारावर जास्त तापतं.

जुन्या डिस्कलाच लेथ मारून घ्यायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी माप घे. लेथ मारल्यावर जाडी त्या आकड्याच्या वर चांगली उरत असेल तरच तो विचार कर. आकड्याच्या जवळ आलेली डिस्क भंगारात दे. दोन्ही बाजूच्या डिस्क आणि चारही पॅड एकाच वेळी, एकाच मेकचे बदल. एका चाकाला नवं आणि दुसऱ्याला जुनं ठेवलं तर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढेल.

आता पॅड. मोटारीसाठी सिरॅमिक पॅड चांगले असतात, आवाज करत नाहीत, चाक काळं करत नाहीत. पण त्यांची शिफारस भारवाहू गाडीला डोळे झाकून करू नये. तुला सेमी-मेटॅलिक किंवा त्या मेकने मालवाहू पिकअपसाठी म्हणूनच बनवलेला पॅड हवा. तो डिस्क थोडी जास्त खाईल, थंडीत सकाळी जरा चिरकेल, चालेल. काही पॅडच्या कडेला एफएफ, ईई, जीएफ अशी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पॅड किती पकडतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती पकडतो ते. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याच्या वर ०.५५ पर्यंत. तुझ्या कामाचं अक्षर दुसरं. ते पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड गावात छान आणि घाटात लबाड निघेल. त्या अक्षरांवरून पॅड किती दिवस टिकेल ते मात्र कळत नाही. आणि पाकिटावर नॉन-ॲस्बेस्टॉस लिहिलेलं नसेल तर तो पॅड हातातसुद्धा घेऊ नकोस. बदलताना चाकातली धूळ एअरच्या पाइपने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पुसून काढ. ती धूळ छातीत जाते, आणि गॅरेजातली पोरं त्या धुळीतच बसून जेवतात.

मेकचं म्हणशील तर कंपनीच्या शोरूमचाच माल हवा असा माझा हट्ट नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, सुंदरम ही मंडळी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांनाही माल देतात आणि बाजारातही विकतात. अशा नावाचा, तुझ्या मॉडेलचा आणि सालाचा पार्ट नंबर जुळणारा माल निर्धास्त घे. भीती आहे ती त्यांच्याच नावाच्या नकली खोक्याची. पक्कं जीएसटी बिल माग. बिल द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून दिवे घे, हॉर्न घे, ब्रेक घेऊ नकोस. खोकं, पार्टवरचा नंबर आणि बॅच जुळते का पाहा. मागचा लोखंडी पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये नख जाईल इतकी फट दिसली तर तो सेट परत कर.

डिस्क-पॅडमध्ये वाचवलेले पैसे खिशात टाकू नकोस, कारण खरा धोका बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर हीच हमी १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात कॅलिपर तापला, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं, आणि त्या वेळी तुझ्या महागड्या पॅडचा काहीही उपयोग नसतो. गाडी तू जुनी घेतलीस. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं कुणास ठाऊक. सगळं काढून नवं भर, आणि पुढे दोन वर्षांच्या आत बदलत जा. कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का बघ. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात तिथे बसून दगड होतो, पिना जाम होतात आणि एकच पॅड झिजत राहतो.

अक्का सांगत होती की जास्त माल बसावा म्हणून तू मागे पाटे वाढवून घेतलेस. बापू, हे मला मुळीच आवडलं नाही. अनेक पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ भाराप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चासी किती खाली बसली यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागच्या ड्रमला दाब कमी सोडतो. मग घाटातला सगळा बोजा पुढच्या दोन डिस्कवर येतो. तुझ्या डिस्क इतक्या लवकर झिजल्या त्याचं कारण मला तिथेच दिसतं. जादा पाटे काढून टाक. काढले तर माल कमी बसेल, हे मला कळतं. गाडीचा हप्ता आहे हेही कळतं. तरी काढ.

नवी डिस्क बसवण्याआधी तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धुऊन काढ आणि हबवरचा गंज घासून घे, नाहीतर डिस्क किंचित तिरपी बसते आणि पुढे पेडल थरथरतं. मग मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीने ५० वरून १० पर्यंत हळूहळू वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये डिस्क निवू द्यायची, असं वीस-तीस वेळा कर. पॅड-डिस्क एकमेकांना लागल्याशिवाय भरलेली गाडी घाटात नेऊ नकोस. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारतोस, ते आजपासून बंद. ज्या गिअरवर घाट चढला असतास, त्याच गिअरवर उतर. इंजिन बंद केलंस तर बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते.

पासिंगच्या दाखल्यावरही विसंबू नकोस. रिकामी गाडी तपासणीत पास झाली म्हणजे भरलेली गाडी माळशेजात थांबेल असं नाही.

रविवारी गाडी रिकामी घेऊन इकडे ये. डिस्क, पॅड, ऑइल सगळं आपण दोघं मिळून बसवू. जुने चारही पॅड काढल्यावर लगेच फेकून देऊ नकोस. कुठला किती झिजलाय ते बघितल्याशिवाय मी नवे बसवू देणार नाही. तोवर कल्याणची खेप घेऊ नकोस.

अक्काला नमस्कार सांग.

तुझा मामा