दहा रुपयांचे पाकीट आणि भिजवलेले हरभरे

या महिन्याचा पाठ आम्ही मुद्दाम स्वयंपाकघरातून घेत आहोत. शब्बाथ शाळा सुटल्यावर मुलांच्या हातावर काही खाऊ ठेवावा, अशी पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. इकडे बेळगावकडे आमच्या मंडळीत बरीच वर्षे दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट दिले जाई. तीस मुले, तीनशे रुपये, पाच मिनिटांचे काम.

एकदा शिक्षकांच्या सभेत आम्ही ते पाकीट फोडून तराजूत टाकले. आत वीस-पंचवीस ग्रॅम ऐवज! म्हणजे किलोला निदान चारशे रुपये भाव पडला. या भावाने कोणती गृहिणी बटाटे घेईल? उलट दीड किलो हरभरे दीडशे रुपयांच्या आसपास येतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला पन्नास ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम प्रथिने. पाकिटात ती एक-दोन ग्रॅमच असतात. बाकी तेल, मीठ आणि पिष्ट.

गाड्यावरचे खाणेही याच तराजूत घालून पाहावे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असुरक्षित रंग आढळले होते. पदार्थ लालभडक दिसला की मुले धावतात, म्हणून रंग पडतो. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक द्रव्ये वाढत जातात, ते वेगळेच. तरी गाडेवाल्यावर आम्ही दगड टाकणार नाही. तोही पोटासाठीच उभा आहे, आणि दिवसभर कामावर राबून थकलेली आई त्याच्याकडून पुडा घेते तेव्हा ती आळशी नसते.

येथेच आमचा हिशेब चुकला. आम्ही हरभरे ठरवले आणि शिजवण्याचे काम एका भगिनीवर सोपवून मोकळे झालो. तीन रविवार उसळ उत्तम झाली. चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, उसळ करीन मी, पण महिनाभर उपदेश काही कानावर पडला नाही." मार्था व मरीया यांच्यावर आम्ही स्वतः कितीदा बोललो आहोत! घरचे अन्न स्वस्त पडते ते पुष्कळदा एका बाईच्या कष्टांची किंमत आपण धरत नाही म्हणून. पुरुषमंडळी, हे आपण आपल्या घरीही तपासावे.

आता शनिवारी रात्री तरुण संघातील मुलगे हरभरे भिजवतात, आणि रविवारी पहाटे पुरुष पाळीपाळीने शिजवतात. आमच्या पहिल्या पाळीला भिजवणाऱ्यांनाही विसर पडला आणि आम्हीही भांडे उघडून पाहिले नाही. मुलांनी ते हरभरे गोट्यांसारखे खेळायला घेतले. आठ तास भिजवणे चुकवू नये. वाढताना कांदा, कोथिंबीर आणि लिंबू असावे. लिंबामुळे हरभऱ्यातील लोह अंगी अधिक लागते. मीठ बेताने घालावे.

शिक्षकांनी वर्गात एवढे करावे. आज तुमच्या घरी भाकरी कोणी थापली, भांडी कोणी घासली, पाणी कोणी भरले, हे मुलांना विचारून फळ्यावर लिहावे. आमच्या वर्गात "आई" हा शब्द एकवीस वेळा आला. मग मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने आठवडाभरासाठी घरचे एक काम निवडावे. शाळेतील लिंबे पिळण्याचे काम आमच्याकडे बालवर्गाने मागून घेतले आहे. बिया मात्र आम्हांला वेचाव्या लागतात.