अपेक्षित उत्तर कोडमधून काढू नका

कर्जाचे हप्ते सांभाळणारे एक सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या साऱ्या टेस्ट पास होत होत्या. कोडची एकूण एक ओळ टेस्टमध्ये चालून गेलेली. तरीही ३१ जानेवारीला कर्ज घेतलेल्यांच्या तक्रारी येत होत्या. फेब्रुवारीचा हप्ता २८ तारखेला पडला, ते ठीकच. पण मार्चचाही २८लाच, आणि पुढे कायम २८. प्रोग्राम आधीच्या हप्त्याच्या तारखेत महिना मिळवत जाई, त्यामुळे मूळची ३१ तारीख फेब्रुवारीतच हरवायची.

टेस्टमधल्या अपेक्षित तारखा कुठून आल्या होत्या? प्रोग्राम चालवून त्याचेच आउटपुट चिकटवले होते. मग ताळा जुळणारच! अशा टेस्टपेक्षा टेस्ट नसलेली बरी. निदान खोटा भरवसा तरी मिळत नाही.

म्हणून आधी स्पेसिफिकेशन लिहा, तेही ज्यांना व्यवहार कळतो त्यांच्याशी बसून. वसुलीचे काम पाहणाऱ्या बाईंनी आम्हाला एका दमात सांगितले, "तारीख मूळचीच धरायची. त्या महिन्यात ती नसेल तर महिनाअखेर." झाला नियम. दुसरा नियम पैशांचा : मुद्दलाचे हप्ते मिळून कर्जाची रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. १०० रुपयांचे ३३.३३चे तीन हप्ते केले तर ९९.९९ होतात. उरलेला पैसा कोणत्या हप्त्यात घालायचा, हे स्पेसिफिकेशननेच सांगायला हवे.

नियम हाती आले की उदाहरणे शोधायचे काम यंत्रावर सोपवा. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक हे असे साधन मांडले. पायथॉनमध्ये त्याच वाटेचे हायपोथेसिस आहे. ते मनाला येईल तसा डेटा तयार करते आणि नियम मोडला की ते उदाहरण छाटत नेते. आमच्या लांबलचक कर्जातून शेवटी उरले ते एवढेच : ३० जानेवारी २०००, दोन हप्ते. लीप वर्ष, फेब्रुवारी २९चा, म्हणून ३० तारखेलाही तोच घोटाळा. त्याची तक्रार कुणीच केली नव्हती.

हायपोथेसिस एरवी एका टेस्टला १०० उदाहरणे घेते. रात्रीच्या रनला हा आकडा लाखावर न्या. आणि हा डेटा तयार करणाऱ्या जनरेटरवर नजर ठेवा. टेस्ट अधूनमधून फेल होते म्हणून कुणीतरी तारीख १ ते २८मध्ये बांधून टाकतो, असे मी पाहिले आहे. मग टेस्ट कायम पास होते, आणि महिनाअखेरचा एकही कर्जदार तिच्यात येत नाही.