मनगटावरचे मणी

जून महिन्यात नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात, तेव्हा अनेकांच्या मनगटावर रंगीत खड्यांची माळ असते. जांभळा खडा एकाग्रतेसाठी, हिरवा स्मरणशक्तीसाठी, असे विक्रेत्याने सांगितलेले असते. एके वर्षी आम्ही एका विद्यार्थ्याची अशी माळ काढून घेतली. ती त्याच्या आईने मजुरीच्या पैशांतून घेतली होती. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. माळ काढण्यापूर्वी आम्ही त्याला काही शिकवलेच नव्हते. प्रस्तुत पाठ त्या चुकीतून जन्मला.

आपल्याच जिल्ह्यात, नेवासे येथे प्रवरेच्या काठी डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे एका बालकाचे दफन सापडले. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अंशही टिकून होते. लेकराच्या गळ्यात मणी बांधणारी ती माउली आणि आमच्या फाटकाशी उभी असलेली माउली, यांच्यात आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

खड्यांचे म्हणाल, तर अकीक हा आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होणारा गारगोटीच्या जातीचा दगड. खंबायतचे कारागीर तो भट्टीत भाजतात. उष्णतेने त्यातील लोहांश लाल होतो.

जपमाळेचे प्रयोजन मात्र निराळे आहे. ती मोजण्यासाठी असते. मुस्लिम बांधवांच्या तसबीहीत ३३ किंवा ९९ मणी असतात, जैनांच्या माळेत १०८. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतील भाविक ज्या माळेवर प्रार्थना करतात, तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. वारकऱ्याची तुळशीमाळ तर व्रतच होय : ती घातली की मद्य-मांस वर्ज्य. तेथे माळ माणसाला सांभाळत नाही. माणसाने माळ सांभाळायची असते.

तिबेटी बौद्ध १०८ मण्यांची माळ वापरतात, जपानी बौद्धांतही माळ आहे. आपल्या आनापानसतीत मात्र मणी लागत नाहीत. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त श्वास मोजताना पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये, असे सांगितले आहे. मोजण्यास श्वासच पुरेसा. महामंगलसुत्तात अडतीस मंगले येतात. त्यांत बहुश्रुतता आहे, शिल्प आहे, आई-वडिलांची सेवा आहे, खडा एकही नाही. परित्राण पाठानंतर आपणही मनगटावर पांढरा धागा बांधतो, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. तो पंचशीलाची आठवण राहण्यासाठी असेल तरच बांधावा, असे आमचे मत आहे.

त्या विद्यार्थ्याची माळ आम्ही त्याच आठवड्यात परत केली. दहावीच्या वर्षी तिचा दोरा तुटला. मणी त्याने भूगोलाच्या तासाला आणून दिले. मुलांनी नदीवरून वेचलेल्या गारगोट्यांशेजारी ते प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले आहेत.