लेक कलेक्टर नाही झाली तर?

"सर, पोरगी पब्लिक पॉलिसी शिकायचं म्हणतेय. त्यातनं कलेक्टर होता येतं का?" पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार परवा विचारत होते. मी उलट विचारलं, "तुमच्याकडं नळाला पाणी कधी आलं?" म्हणाले, "चार दिवस झाले."

आई-बाबांनो, उजनी भरलेली असतानाही सोलापूरचा नळ रोज का येत नाही? उसाला किती पाणी, प्यायला किती, जलवाहिनीचा खर्च कुणी उचलायचा? हा हिशेब मांडायला शिकणं म्हणजेच सार्वजनिक धोरणाचा अभ्यास.

घरातल्या आजीला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडायला तीही गेली असेल. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी लावून धरली. राज्यात १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानंही तसाच कायदा केला. पागे कलेक्टर नव्हते.

हे शिकायला फार लांब जायला नको. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे 'टिस'चं, आवार आहे. तिथं विकास आणि उपजीविका या विषयांत एम. ए. करता येतं. पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे, पण तिथं अर्थशास्त्राची आणि गणिताची तयारी लागते. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ इथं सार्वजनिक धोरणाची दोन वर्षांची पदवी मिळते, बी. ए., बी. कॉम. किंवा इंजिनिअरिंग झालेली मुलंही तिथं अर्ज करतात. बऱ्याच ठिकाणचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. पदवीच्या निकालाची वाट बघत बसलात, तर वर्ष हातचं जाईल.

आता पैशाचं. काही ठिकाणची फी जड आहे. म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी आधी करा, कर्जाची नंतर. पुढे काम मिळतं ते सामाजिक संस्थांत, संशोधन केंद्रांत, आमदार-खासदारांच्या अभ्यासगटांत किंवा मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या उपक्रमांत. पुष्कळ कामं कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हे मुलांपासून लपवू नका आणि स्वतःपासूनही नको.

पण दुसऱ्या वाटेचाही हिशेब असाच रोखठोक करा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या परीक्षेतून १,००९ जणांची शिफारस झाली. अर्ज लाखोंनी होते. पुण्याच्या पेठांत खोली घेऊन पाच-सहा वर्षं घालवलेली आपली पोरं तुम्हीही पाहिली आहेत. स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी, पण हातात दुसरं शिक्षण असताना द्यावी.

कोजागिरीला आपण सोलापूरकर तुळजापूरला चालत जातो. एरवी एखाद्या कामाच्या दिवशी लेकीला घेऊन जा. आईचं दर्शन झालं की 'टिस'च्या आवारातही जाऊन या. तिथल्या मुलांशी लेकीला बोलू द्या. तुम्ही नुसतं ऐका.