हिवताप, साठविलेले पाणी आणि कायदा

डास घाणेरड्या पाण्यातच होतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. हिवतापाच्या बाबतीत ती फसवी आहे. शहरांतून हा रोग पसरविणारा ‘ॲनॉफिलीस स्टिफेन्साय’ हा डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरील उघडी टाकी, विहीर, हौद आणि नव्या बांधकामावर साचवून ठेवलेले पाणी ही त्याची जन्मस्थाने होत.

१९८६ साली पणजी शहरात हिवतापाने डोके वर काढले. आदल्याच वर्षी ‘गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५’ संमत झाला होता. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाल्यावरही तो येथे लागू राहिला. पुढे याच कायद्याच्या आधारे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी व आरोग्यपत्र सक्तीचे करण्यात आले. ‘हेल्थ कार्ड’ म्हणून ओळखले जाणारे हे पत्र मजुरांना मिळवून देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर आहे.

या तरतुदीचा हेतू नीट समजून घेणे अगत्याचे आहे. परप्रांतातून आलेला मजूर रोग घेऊन येतो, असा आरोप सहज केला जातो. परंतु रोग्याच्या रक्तातील जंतू दुसऱ्याच्या शरीरात पोहोचण्यास डास लागतो, आणि डासास पाणी लागते. ते पाणी मजुराच्या मालकीचे नसते. उघड्यावर झोपणाऱ्या मजुरालाच डासाचा दंश प्रथम होतो. म्हणून आरोग्यपत्र हा संशयाचा शिक्का नसून उपचाराचा मार्ग आहे. रक्तात जंतू आढळल्यास औषधांचा क्रम पूर्ण करावा. ताप उतरला म्हणून तो मध्येच सोडू नये. काही प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात व रोग पुन्हा उलटतो.

उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस पुरतात. यास्तव आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी व हौद रिकामे करून, घासून कोरडे ठेवावेत. टाकीस घट्ट झाकण बसवावे. विहिरीत अळ्या खाणारे मासे सोडावेत. शिक्षकांनी शाळेच्या टाकीपासूनच हा पाठ द्यावा. पंचायतींनी गावातील बांधकामांवर लक्ष ठेवावे.

कायदा कंत्राटदारास जाब विचारू शकतो. आपल्या घरावरील टाकीचे झाकण मात्र ज्याचे त्यानेच लावावयाचे असते.