ब्रह्मावर्ताचा वाडा आणि ‘माझा प्रवास’

१८१८ मध्ये राज्य सोडून, वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर, दुसरा बाजीराव कानपूरजवळील ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, गेला व १८५१ मध्ये तेथेच वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांना तनखा नाकारला गेला. वाडा तेवढा राहिला. तोही जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकच्या सैन्याने जाळला. डिसेंबरात होप ग्रँटच्या सैनिकांनी उरलेसुरले पाडून विहिरीतील द्रव्य उपसले.

शहाडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “वाडाच नाही, तर विष्णुभट गोडसे यांचे निवेदन पडताळायचे कशावर?” प्रश्न रास्त आहे. शहाडला लागून असलेल्या कल्याणचेच चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ गोडसे यांच्याकडून लिहवून घेतला व १९०७ मध्ये छापला. छापताना मजकुरात बराच फेरफार केला. मूळ हस्तलिखितानुसारी आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. तेव्हा पडताळणी आधी संहितेची हवी.

दुसरे असे की, झाशीचा वेढा गोडसे यांनी स्वतः भोगला. नानासाहेबांनी ब्रह्मावर्त सोडले तेव्हा ते तेथे नव्हते. लेखनही सुमारे पंचवीस वर्षांनंतरचे. म्हणून हा भाग प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून उद्धृत करू नये (प्रबंधांतून तसे सर्रास होते). उत्तरेतील मराठी आश्रितांत वाड्याची जी कथा उरली, तिचा तो दस्तऐवज आहे. गोडसे दक्षिणेच्या आशेने निघालेले भिक्षुक. वाडा पडणे म्हणजे आश्रय तुटणे, हे त्यांना दगडविटांच्या तपशिलापेक्षा अधिक कळते.

दोन्ही आवृत्त्यांतील ब्रह्मावर्ताचा मजकूर ओळीने ताडण्याचे काम त्या विद्यार्थिनीने आता हाती घेतले आहे.