पिकअपच्या हौद्याला पक्कं झाकण: कोणतं घ्यावं आणि पाणी कसं थांबवावं



हंगामाच्या तोंडावर बरेच सभासद एकच प्रश्न विचारतात: "पिकअपला ताडपत्रीच ठेवू का पत्र्याचं झाकण बसवून घेऊ?" आज तेवढाच विषय घेऊ. मेसेज जरा मोठा आहे, पण गाडी फॅब्रिकेटरकडे नेण्याआधी पूर्ण वाचा.

*आधी हिशोब बघा*

हमीभाव केंद्रावर सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण ती त्या हंगामापुरती. दरवर्षी मिळेल असं धरून चालू नका.

तुम्ही माल उन्हात वाळवून १० टक्क्यांवर आणला. आता एका क्विंटलमध्ये फक्त २.३ लिटर पाणी मुरलं तरी ओलावा १२ च्या वर जातो. गाडीत १० क्विंटल असेल तर २३ लिटर पुरे. आणि ९ फूट बाय साडेपाच फुटाच्या उघड्या हौद्यात ५ मिलिमीटरची एक सर पडली की बरोबर २३ लिटर पाणी येतं. ५ मिलिमीटर म्हणजे येरमाळ्यापासून कळंबला येईपर्यंत लागलेली एक साधी सर.

शिवाय पाणी सगळ्या पोत्यांत सारखं वाटलं जात नाही. कडेची चार पोती भिजतात, परखी नेमकी त्यातल्याच एका पोत्यात जाते आणि अख्ख्या गाडीचा भाव त्यावर ठरतो. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. महिनाभर राबून वाळवलेला माल शेवटच्या तासाभरात भिजवून हा भाव घालवायचा नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्याने काय पाऊस बघितला ते सांगायला नको. हस्ताचा आणि परतीचा पाऊस नेमका काढणीच्या आणि विक्रीच्या दिवसांत येतो, हे धरूनच तयारी करायची.

*कोणतं झाकण कोणाला?*

१) *कमानी आणि ताडपत्री.* हंगामात चार-पाच खेपा असतील किंवा गाडी भाड्याची असेल तर हेच बरं. ताडपत्री हौद्यापेक्षा चारही बाजूंनी किमान दीड फूट मोठी घ्या. मधे कमानी नसतील तर पाणी साचून झोळ होतो आणि शिवणीतून गळतं.

२) *हौद्याच्या कडेवर बसणारं सपाट झाकण* (दोन-तीन भागांचं, बिजागरीवर उघडणारं). स्वतःची गाडी, नेहमीच्या खेपा आणि पोत्यांचा किंवा बियाण्याचा माल असेल तर उत्तम. कुलूप लावता येतं हा मोठा फायदा. पण माल हौद्याच्या उंचीएवढाच बसतो. टेप घेऊन मोजा: लांबी x रुंदी x उंची फुटात. एका घनफुटात पोत्यांतलं सोयाबीन साधारण १७ किलो बसतं. ९ x ५.५ x १.२५ म्हणजे जवळपास ६२ घनफूट, म्हणजे साडेदहा क्विंटल. तुम्ही नेहमी यापेक्षा जास्त भरत असाल तर हे झाकण तुमच्या कामाचं नाही.

३) *उंच बंद टप.* भाजीचे क्रेट, खवा, दूध असा रोजचा माल असेल तरच. गाडीची बॉडी बदलते, म्हणून आधी धाराशिवच्या परिवहन कार्यालयात विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकावरच्या माहितीशी न जुळणारा बदल करता येत नाही. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघात झाला की दावा अडकतो. सपाट झाकण करणाऱ्यांनीसुद्धा वेल्डिंगच्या आधी एकदा विचारून घ्यावं.

*पत्रा का ॲल्युमिनियम?*

सव्वा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वरच्या हौद्याच्या मापाला साधारण ४५ किलो भरतो, फ्रेम वेगळी. २ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम २५ किलोच्या आसपास. जे वजन झाकणात जातं तेवढा माल कमी भरावा लागतो. ॲल्युमिनियम महाग पडतं पण गंजत नाही. खताच्या खेपा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या, कारण युरिया-डीएपीचा सांडलेला दाणा ओल लागली की लोखंड खातो. मात्र ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावताना मधे रबरी वॉशर घालायला सांगा. दोन धातू ओले होऊन एकमेकांना लागले की भोकाभोवती ॲल्युमिनियम खराब होतं.

प्लायवुडचं झाकण कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर नको म्हणा. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात आणि झाकण बसेनासं होतं.

*पाणी मधून येत नाही, कडेने येतं*

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पत्रा कितीही जाड घ्या, त्यातून पाणी झिरपत नाही. पाणी येतं ते चार जागांहून: केबिनच्या मागची फट, झाकणाच्या दोन भागांमधला सांधा, मागचा फाळका आणि बोल्टची भोकं. म्हणून पैसे जाडीवर नाही, कडेवर घाला.

▪️ *उतार:* झाकण मधे दीड इंच उंच ठेवायला सांगा. अगदी सपाट झाकणावर पाणी थांबतं आणि थांबलेलं पाणी वाट शोधतं.

▪️ *पुढची कड:* गाडी हायवेला ७०-८० ने पळते तेव्हा पाऊस समोरून घुसतो. पुढच्या कडेला पत्रा दोन इंच खाली वाकवून घ्या.

▪️ *सांधा:* दोन भाग एकमेकांना नुसते टेकवू नका. पुढच्या भागाची कड मागच्या भागावर दोन इंच चढली पाहिजे, घरावरचे पत्रे चढवतो तशी. उलटं चढवलं तर वारा पाणी आत ढकलतो.

▪️ *रबर:* डी आकाराचं पोकळ रबर घ्या, स्पंजाची पट्टी नको. स्पंज पाणी पितो आणि धरून ठेवतो. लावायच्या आधी जागा घासून गंज काढा, प्रायमर मारा, सुकू द्या. रबराचा जोड मागच्या बाजूला ठेवा.

▪️ *सिलिकॉन:* दुकानात 'न्यूट्रल' मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्याला गंज आणतं.

▪️ *फाळका:* बाजूच्या आणि खालच्या फटीला रबराची पट्टी लावा. झाकणाची मागची कड फाळक्याच्या बाहेरून खाली आली पाहिजे.

▪️ *हौद्याची भोकं:* तळाला पाणी जायची भोकं असतात, ती बुजवू नका. चुकून आत आलेलं पाणी तिथूनच जाणार. पोत्यांखाली लाकडी फळ्या टाका म्हणजे तळाची ओल पोत्याला लागत नाही. चाकांचं पाणी वर उडू नये म्हणून मागचे रबरी मडगार्ड शाबूत ठेवा.

*पैसे देण्याआधी तीन तपासण्या*

१) *कागदाची:* वर्तमानपत्राची पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. फूट-फूट अंतरावर सगळीकडे बघा.

२) *खडूची:* हौद्याच्या कडेला खडू घासा, झाकण दाबून बंद करा, उघडा. रबरावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. तुटली तिथे रबर टेकत नाही.

३) *पाण्याची:* आत कोरडं बारदान अंथरा. मोटारीच्या पाइपाने पुढून, बाजूने आणि मागून मिळून १० मिनिटं पाणी मारा. बारदान जिथे ओलं, तिथे काम बाकी. यासाठी फवारणीचा पंप वापरू नका. तणनाशकाचा अंश हौद्यात जाईल.

*बंद झाकणाचे तोटेही आहेत*

▪️ ओला माल झाकून ठेवला तर तो वाळत नाही, तापतो. १२ च्या वर ओलावा असलेला माल भरून गाडी रात्रभर बंद उभी करू नका. झाकण पाऊस अडवतं, मालातली ओल काढत नाही.

▪️ पहाटे पत्रा गार होतो आणि आतून घाम धरतो. पोत्यांवर एक थर कोरडं बारदान टाका, थेंब ते पिऊन घेईल. घरी पोचलं की झाकण उघडून हवा लागू द्या.

▪️ कीटकनाशकं आणि धान्य एका बंद हौद्यात कधीच नको. खताच्या खेपेनंतर हौदा धुऊन, वाळवूनच धान्य भरा.

▪️ बंद हौद्यात माणूस बसवायचा नाही. मजूर नाही, लेकरं तर नाहीच.

▪️ झाकण उघडताना टेकू पक्का लावा. वाऱ्याने आपटलं तर बोटं जातात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा.

*भाड्याच्या गाडीत माल नेणाऱ्यांसाठी*

माल भरण्याआधी गाडीवाल्याची ताडपत्री उलगडून उजेडात धरा. भोकं लगेच दिसतात. स्वतःची एक चांगली ताडपत्री घरात ठेवली तर ती मळणीच्या वेळी गंजीवर टाकायलाही येते. निघताना ओलावा मोजून घ्या. केंद्रावर आकडा वेगळा आला तर वाटेत पाणी लागलं का, हे तुम्हाला कळेल.

थोडक्यात: खेपा मोजा, हौदा मोजा, मग झाकण ठरवा. आणि झाकण कोणतंही असो, पाण्याची तपासणी पावसाआधी करा, पावसात नाही.

काम करून घेण्याआधी हौद्याचं माप आणि फोटो याच नंबरवर पाठवा. कडा आणि सांधे कसे घ्यायचे ते आपण मिळून बघू.

आपला,
कृषी तज्ज्ञ, शेतकरी उत्पादक कंपनी, कळंब